मागून हाक

मोटरसायकल फाटकाबाहेर पडली आणि गयाबाईंना कोनाड्यातले रबरी हातमोजे दिसले. लेक अंबादास वीजमंडळात लाइनमन. मोजे नसले तरी 'होतंय की' म्हणत खांबावर चढणारा. हाक ओठांवर आली आणि तिथंच थिजली.

निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, हा नियम घराला त्यांनीच घातलेला. वीस वर्षांपूर्वी अंबादासचे वडीलही असेच खांबाकडे निघाले होते. विसरलेल्या डब्यासाठी गयाबाईंनी हाक मारली. डबा घेऊन ते गेले आणि खांबावरच त्यांना शॉक लागला; ते परत आलेच नाहीत.

मोटरसायकल वळणाशी पोचली. गयाबाईंचे गुडघे धावू देईनात.

"अंबादास!"

तो माघारी आला, हसला. "आई, तू हाक मारलीस? तू?"

"मोजे घे. घोटभर पाणी पी, मग नीघ."

दुपारी घरातला पंखा थांबला. लाइन बंद झाली, लेक खांबावर चढला. पदर मुठीत आवळून त्या पात्यांकडे बघत बसल्या. घास उतरेना, पापणी मिटेना. दारातलं ऊन उंबऱ्याबाहेर सरकलं, तेव्हा कुठं पातं हललं. लेक खाली उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मोजे त्यांनी स्वतः पिशवीत घातले, दोनदा चाचपले. तरी मोटरसायकल वळणाशी गेली, तशी त्यांनी जीव एकवटून हाक मारली.

"आता काय राहिलं?" तो वैतागला.

"काही नाही रे. ये जाऊन."