उंबऱ्यावरचं कमळ

"दोनच दिवस थांबा, एवढंच म्हणतोय," बळवंतने पुन्हा हात जोडले.

ठेकेदाराने पान तोंडात टाकले. "मूर्ती गाववाल्यांनी खुशाल न्यावी. दगड माझे. रस्त्याखालच्या मोरीला लागतील."

घिवलीच्या नव्या रस्त्यात ते देऊळ येत होते. आत दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढेच. चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला, उंबऱ्यावर एक पाकळी तुटलेले कमळ. भूशास्त्र शिकून मोजणीच्या कामावर आलेल्या बळवंतने ते पहिल्याच दिवशी पाहिले आणि ठरवले, शिलाहारांच्या काळातले. पुरातत्त्व खात्याला केलेल्या तारेचे उत्तर मात्र आले नव्हते.

तो धावत देवळात गेला. ठेकेदाराला गप्प करील असे काहीतरी हवे होते. भिंतीचे शेवाळ नखानेच निघाले. त्याला शेणाचा वास होता. एका दगडाच्या कडेला बोटभर रुंदीची अर्धगोल, सरळ खाच होती. पाण्याने झिजली असणार. कमळ तर आता शेंदराच्या ताज्या थराखाली बुजून गेले होते.

तानीमावशी आत आली. तो तिच्याच ओटीवर भाड्याने राहत होता. देवळाची झाडलोट पिढ्यान् पिढ्या तिच्या घराकडे.

"मावशी, शेंदूर खरवडू द्या. कमळ दाखवलं तर कदाचित..."

"हात लावायचा नाय."

"अहो, पाडतील ते!"

"पाडू देत."

तिच्या पायात वहाणा तशाच होत्या. बळवंतने तिकडे बोट दाखवले. "मावशी, वहाणा..."

"आता कसला देव हितं?" ती म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी पहारी घेऊन माणसे आली. बळवंत उंबऱ्यावर आडवा झाला. मुकादम रामकिसनने त्याला काखेत धरून बाजूला केले. भिंत कोसळली.

"साब, काहे को रोते हो?" एका दगडाच्या अर्धगोल खाचेवर बोट ठेवत रामकिसन म्हणाला. "ये तो अपनी खदान का पत्थर है, देखो सुरंग का छेद."

बळवंतने ऐकलेच नाही.

संध्याकाळी तो ओटीवर ट्रंक भरू लागला. मावशीचा मुलगा देवू पेंढ्याची बैलगाडी सोडत होता. महिनाभर त्याच्या खेपा रात्री-अपरात्रीही चालूच होत्या. मावशीने कोरा चहा पुढे केला. गाय व्यायल्यापासून घरात चहा कोराच होता, आणि ओल्या बाळंतिणीला परक्याची नजर नको म्हणून गोठ्याचे दारही बंद.

"मला नाही वाचवता आलं, मावशी."

"जेवलास पन नाय येड्या. दगडांसाठी कोन उपाशी ऱ्हातं?" तिने डोळे पुसले. "ऊठ. चल माज्यासंगं."

तिने गोठ्याची कडी काढली. आत गाय नव्हती, वासरू नव्हते. गवताच्या छपराखाली काळी भिंत उभी होती, दगडात दगड बसवलेली, आणि आत समई तेवत होती. बळवंतच्या पायाखाली पेंढा सरकला. खाली तेच कमळ होते. एक पाकळी तुटलेली.

तो पुढे झाला, तशी मावशीने त्याचे कोपर धरले.

"वहाणा भायेर काढ, पोरा."