उबेकडे तोंड

कर्रर्र करून पाळण्याची कडी वाजली आणि घरातली शांतता मोडली. पाळण्याला खेटून बसलेल्या अनुसूयानं दोरीचा झोका हळू केला. बाळ उठायला नको.

मग तिनं स्टुलाकडे पाहिलं. बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वेळूच्या तुकड्याला विळखा घालून हिरवागार चापडा साप बसला होता. हलत नव्हता. तोंड मात्र नेमकं पाळण्याकडे.

"अहो, आजच्या आज न्या त्याला."

"आज रविवार. उद्या आमची सापांची प्रयोगशाळा उघडली की नेतोच," विद्याधर म्हणाला. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात परांचीसाठी मलेनाडच्या जंगलातून वेळू आले, त्यात हा निघाला. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला आणि तो जाऊन पकडून घेऊन आला. "झाडावरचा साप आहे. पिंजऱ्याला कुलूप घातलंय."

"विषारी आहे ना? आणि पाळण्यापासून दोन हातांवर ठेवता?"

त्यानं फक्त कुलूप ओढून पाहिलं. एरवी थोरल्या हर्षचं दूधसुद्धा बोट बुडवून बघितल्याशिवाय न देणारा माणूस.

सासूबाई ताट घेऊन आल्या. "स्वल्प तरी खा गं. आणि उगाच पाळणा हलवू नये, किती वेळा सांगू?"

"थांबवला तर उठेल ना!"

सासूबाई ताट तिथंच ठेवून आत गेल्या.

दवाखान्यातून येऊन चौदा दिवस झाले होते. बारशाचा विषय कुणी काढत नव्हतं. अनुसूयानंही कुणाला पाळण्यात डोकावू दिलं नव्हतं, पाच वर्षांच्या हर्षलासुद्धा नाही. दृष्ट लागते. बाळ झोपलंय, एवढंच ती त्याला सांगायची. पान्हा दाटून ठणका लागला होता. उठलं की पाजायचं.

हर्ष खुर्चीमागे उभा होता, बापानं बजावलेल्या जागी. "अण्णा, ह्याला चार नाकपुड्या?"

"नाही रे, दोनच. डोळ्यांजवळ आहेत ते खळगे. त्यांनी त्याला ऊब कळते. जिवंत, उबदार काही जवळ असलं की अंधारातसुद्धा त्याचं तोंड तिकडे वळतं."

अनुसूयानं पाळण्यावर हात आडवा धरला. "ऐकलंत? म्हणूनच बाळाकडे टक लावून बसलाय मेला!"

विद्याधरनं मान खाली घातली. "सरी, ठीक आहे. मागच्या खोलीत ठेवतो. वर टाकायला गोणपाट आणतो."

तो गेला. तोवर पाळण्यावर मच्छरदाणी तरी घालावी म्हणून अनुसूया उठली. ती घ्यायला पिंजऱ्याला वळसा घालून खिडकीपाशी गेली. सापाचं तिकोनी डोकं हळूहळू तिच्याबरोबर फिरलं. ती थांबली, तेही थांबलं.

"बघ, माझ्याकडेच बघ," ती पुटपुटली. किती दिवसांनी तिला हायसं वाटलं.

हर्षनं सापाकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, मग तिच्याकडे.

"आई, तू उठलीस तर तो तुझ्यामागं वळला. बाळ तर तिथंच आहे ना? मग तो तिकडे का बघत नाही गं?"