पियानोतली धाप

मायदेशी परतणाऱ्या एका युरोपियन कुटुंबाकडून स्पृहाने आखातातल्या अमवाज बेटावरच्या आपल्या फ्लॅटसाठी जुना पियानो घेतला. तिच्या लेकीने, सावनीने, एक पांढरी पट्टी दाबली. सूर विरला आणि मागोमाग कुणीतरी धाप टाकली, ओझ्याखाली दबलेल्या माणसासारखी.

“लाकूड जुनं आहे गं,” स्पृहा म्हणाली.

पण प्रत्येक पट्टीमागची धाप वेगळी होती. एक म्हाताऱ्याची, एक बाईची, एक अगदी कोवळी.

दुपारी शिकवायला कापिंगा मॅडम आल्या. त्या मूळच्या काँगोच्या. पट्ट्यांवर बोटं ठेवताच त्यांनी हात मागे घेतला.

“हा हस्तिदंत आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “गोऱ्या साहेबांना हा हवा होता. तो वाहून न्यायला त्यांनी आमच्या गावातली माणसं नेली. गळ्यात साखळी घालून, एकामागे एक. परत कुणी आलं नाही.”

स्पृहाने घाईने झाकण लावलं. तरी धापा थांबेनात. आता त्या सगळ्या एकदम येत होत्या, आणि त्यांच्यात एक ओळखीची होती.

तिने वळून पाहिलं. सावनी मान खाली घालून, वाकून, दाराकडे चालली होती.

“सावनी! थांब!”

“आय कान्ट, आई,” ती धापा टाकत म्हणाली. “मी थांबले तर दे विल ऑल फॉल.”

स्पृहाने धावत जाऊन तिच्या गळ्याला मिठी घातली. तिथे काहीच दिसत नव्हतं. पण बोटांना लोखंड लागलं, आणि पुढून कुणीतरी ते ओढत होतं.