गार बॉनेट

गिऱ्हाईकाने बॉनेटवर तळहात टेकवला आणि समाधानाने मान हलवली. बॉनेट गार होतं. या गॅरेजचा तो नियमच होता. विकायची गाडी आदल्या संध्याकाळी आणून उभी करायची आणि सकाळी घेणाऱ्यासमोर थंड इंजिन सुरू करून दाखवायचं. तापलेलं इंजिन कुणाशीही गोड बोलतं, असं गॅरेजवाले उस्ताद म्हणायचे.

जर्मन गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. जराशी घरघर, मग एका सुरात शांत. गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर, तरुण गृहस्थ. इंजिन चालू ठेवून ते मागची सीट बघायला गेले.

गाडीचे मालक असलेल्या भावोजींनी खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवरचा तळहाताचा ठसा पुसला. ठसा त्यांना दिसत नव्हता. हल्ली समोरचं माणूसही त्यांना धुरकट काचेपलीकडे उभं असल्यासारखं दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केल्याला पंधरा दिवस झाले होते. गाडी विकायचं त्यांच्या बायकोने, ताईने ठरवलं. भावोजी ‘बरं’ म्हणाले. तेव्हापासून ते सगळ्यालाच ‘बरं’ म्हणत होते. जेवणात मीठ नसलं तरी.

ताईचा धाकटा भाऊ शेजारीच आपल्या अमेरिकन गाडीला टेकून उभा होता. ताईने त्याला घरूनच बजावून आणलं होतं, “बारा वर्षं तुम्हा दोघांचं चाललंय, माझी चांगली का तुझी चांगली. आज अर्धा तास तोंड उघडायचं नाही.”

तो गप्प होता. इतका, की उस्तादांनी दोनदा वळून बघितलं.

पण डॉक्टरच त्याच्यापाशी आले. “ही अमेरिकन तुमची ना? मग तुम्ही खरं सांगाल. घेऊ का ही जर्मन?”

भावाने ताईकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. मग त्याने भावोजींकडे पाहिलं. जिथे पुसायला काही उरलं नव्हतं तिथे ते अजून पुसत होते.

“कसं आहे डॉक्टर,” तो म्हणाला, “माझी गाडी म्हणजे थोरला काका. पाय न पुसता घरात शिरणार, दोघांचं जेवणार, मोठ्याने बोलणार. आतलं प्लास्टिक खडखडतं, मागची टायरं वर्षात संपवते. पण कधीही हाक मारा, उठणार. आणि बिघडलंच काही, तर कोपऱ्यावरचा मिस्त्रीसुद्धा दुरुस्त करतो.”

“आणि ही?”

“ही जावई. दिसणं, वागणं, वळणावर जाणं, बघत राहावं. पण मानपानात जरा कमी पडलात की रुसली. पाणी फिरवणारा पाइप प्लास्टिकचा, तो तडकतो. ऑइल झिरपतं ते बाहेरून दिसत नाही. तुमच्या दाढेसारखंच, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पार्ट मागवला की तीन आठवडे थांबा. बिल उभ्याने वाचू नका. घेताना निम्म्या किमतीत मिळते डॉक्टर, सांभाळताना पूर्ण किंमत मागते.”

डॉक्टर हसले नाहीत. “घरी विचारून कळवतो,” म्हणाले आणि निघाले. जाताना त्यांनी बॉनेटला हात लावला नाही.

“बोललास शेवटी,” ताई म्हणाली.

“त्यांनी विचारलं.”

ती उस्तादांकडे वळली. “एवढं सगळं होतं हिला?”

उस्ताद हात पुसत राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि जुन्या गिऱ्हाईकाला उघडं पाडायचीही. “होतं या गाड्यांना,” ते म्हणाले. “पण हिचा पाइप मी गेल्या वर्षी धातूचा बसवलाय. गळतीही तेव्हाच काढली. तुमच्या भावाला ठाऊक आहे की. दोन दिवस भावोजींबरोबर इथेच स्टुलावर बसून होते.”

“मग ते का नाही सांगितलंस?”

“ते त्यांनी नाही विचारलं.”

भावोजींचा रुमाल थांबला. “तुझ्या डब्याचा कधी असा आवाज आलाय का रे?” ते म्हणाले. पंधरा दिवसांत ‘बरं’ सोडून हे पहिलंच.

“आमच्या डब्याला आवाज आहे, भावोजी. तुमची नुसती कुजबुजते.”

“पुरे,” ताई म्हणाली. “आता चालवणार कोण ही? तू येणारेस रोज, तुझा काका सोडून?”

नुसती उभी राहिली की गाडी सडते, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

“माझ्या छोट्या गाडीला तुम्ही दोघं खेळणं म्हणता ना?” ताई म्हणाली. “नऊ वर्षं चालवतेय. उस्ताद, तिचा रंग कोणता, सांगा बघू.”

उस्ताद विचारात पडले. “ती दुरुस्तीला इथे कधी आलीच नाही, वहिनी.”

“तेच म्हणते मी.”

तिने दार उघडलं, चालकाच्या जागी बसली आणि सीट खर्रकन पुढे ओढली. बारा वर्षांत ती सीट कुणी हलवली नव्हती. भावोजींनी आवाज ओळखला. बॉनेटवर हात ठेवत, त्याच्या कडेकडेने ते पलीकडच्या दाराशी गेले. बॉनेट आता कोमट झालं होतं.

“क्लच हळू सोड हं,” बसता बसता ते म्हणाले.

“बारा वर्षं तिथे बसून तेच बघितलंय.”

भावोजींचा हात चालकाच्या सवयीने पट्ट्यासाठी उजव्या खांद्यामागे गेला. तिथे पट्टा नव्हता. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग ताई वाकली आणि त्यांच्या दुसऱ्या खांद्यावरून पट्टा ओढून तिने खट्कन लावला.