मास्टरची साक्ष

"आई मास्टर, बाबा कॅप्टन, मी कोर्ट," म्हणत हर्षितानं डायनिंग टेबलवर कागद वाटले. "फक्त वाचायचं. ॲक्टिंग नको."

सोमवारी शाळेत तिचं हिस्टरीचं प्रेझेंटेशन होतं, नेपरव्हिलमधलं शेवटचं. शुक्रवारी ती मॉरिसव्हिलला शोभनाआत्याकडे चालली होती, पुढची दोन वर्षं तिकडच्याच शाळेत काढायला. बॅगा भरून झाल्या होत्या. शाळा बदलायच्या फॉर्मवर आईनं काही न बोलता सही केली होती. बाबांची राहिली होती. आज करतो, उद्या करतो चाललं होतं.

विषय बाबांनीच सुचवलेला. कॅप्टन एडमंड थॉर्ली, दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रजांच्या नौदलातला माणूस. बाराव्या वर्षी जहाजावर चढला, एकोणिसाव्या वर्षी लेफ्टनंट झाला, सत्ताविसाव्या वर्षी स्वतःचं शिडाचं जहाज मिळालं. आणि एका धुक्याच्या सकाळी ते जहाज खडकावर आपटून फुटलं.

नौदलाचा नियम एकदम कडक होता. जहाज गेलं की कॅप्टनवर खटला, मग चूक कोणाची का असेना. थॉर्ली सुटला. पुढं त्याला आणखी मोठं जहाज मिळालं, 'सर' झाला, ॲडमिरल होऊन म्हातारपणी बिछान्यात मेला. सगळा दोष गेला मास्टरवर. मास्टर म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, नकाशे-होकायंत्र सांभाळणारा माणूस. हेल नाव होतं त्याचं. त्याला हाकलला, परत कुठल्या जहाजानं घेतला नाही.

हर्षिताला हा हेल पहिल्या पानापासून डोक्यात गेला होता. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत शेजारच्या गावात, ऑरोराला, प्रितमकाकांच्या नव्या घराचं जेवण होतं. नेहमीचाच कार्यक्रम. बायका वर किचनमध्ये, पुरुष खाली बेसमेंटमध्ये, आणि खाली चालू 'ज्यूस'. तो कसला ज्यूस हे पोरांनाही कळायचं. पिऊन चालवताना पकडलं तर ग्रीन कार्ड विसरायचं, म्हणून परत जाताना गाड्या बायकांनी चालवायच्या, हे ठरलेलं. दुपारचे चार वाजलेले, बर्फ पडत होता. हर्षिता कानात वॉकमन घालून मागच्या सीटवर जी झोपली, ती डोळे उघडले तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये होती. गाडी खांबावर गेली होती. तिचा उजवा गुडघा पार चेचला होता.

तीन ऑपरेशन्स झाली. सॉकर टीम सुटली. लंगडणं राहिलं.

पोलिसाला आईनं सरळ सांगितलं होतं, मी चालवत होते, घसरली. रिपोर्टमध्ये तेच आलं. त्याच उन्हाळ्यात बाबांच्या नोकरीवर घरातल्या सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालं, आणि लोकांनी अभिनंदन करता करता आईला टोमणेही मारून घेतले. नीलांबरीकाकू तर भर जेवणात आईकडे बघून म्हणाल्या, शीला घरी सोडणार असेल तर बाई, आम्ही ट्रेननं जातो. सगळे हसले. आईपण हसली. त्या हसण्याचाच हर्षिताला जास्त संताप आला होता.

तेव्हापासून ती आईच्या गाडीत बसली नव्हती. स्कूल बस, नाहीतर पायी. बाबाही गप्प झाले होते. दर रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना व्हायची, तीसुद्धा त्यांनी बंद केली. थकलोय म्हणायचे. हर्षिताला वाटायचं, घराची ही अवस्था आईनंच केली.

"मिस्टर हेल," हर्षितानं वाचायला सुरुवात केली. नजर कागदावर नव्हती, आईवर होती. "जहाज आपटलं तेव्हा कोणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्या," आईनं वाचलं.

"पुढं खडक आहेत हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"बचावात काही सांगायचंय?"

"नाही."

"बघा," हर्षिता बाबांकडे वळली. "खऱ्या रेकॉर्डमध्येसुद्धा एवढंच आहे. एक शब्द. ही न्यू इट वॉज हिज फॉल्ट. साधं सॉरीपण म्हणाला नाही."

आईनं कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग परत उघडला, परत घडी केली.

"त्याला बायको-मुलं होती का गं?" बाबांनी विचारलं.

"नॉट रेलेव्हंट, बाबा. तुमची लाइन वाचा. मग सही करा, मला फॉर्म उद्या ऑफिसमध्ये द्यायचाय."

बाबांनी चष्मा चढवला. कॅप्टनच्या वाट्याला दोनच वाक्यं होती.

"मी माझ्या केबिनमध्ये झोपलो होतो," त्यांनी वाचलं आणि थांबले.

हर्षितानं पेन्सिल आपटली. "पुढं? जहाज मास्टरच्या ताब्यात होतं. एवढंच तर आहे."

बाबांनी कागद खाली ठेवला.

"अहो, वाचा ना," आई हळूच म्हणाली. "लिहिलंय तेवढंच वाचायचंय. दोन वर्षं निभलं, आता एक ओळ काय जड आहे."

हर्षितानं आईकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबांनी चष्मा काढला होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या डोळ्यांत बघत होते.

"झोपली तू होतीस, हर्षू," ते म्हणाले. "पोलीस यायच्या आधी आम्ही दोघांनी जागा बदलल्या."