ठिपके गेल्यावर

अण्णांनी फिशटँकच्या तळाशी नळी फिरवून वाळूतली घाण बादलीत ओढून घेतली. माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठल्याला बारा दिवस झाले होते. दोन मासे गेले, पाच वाचले.

"ठिपके तर परवाच गेले, अण्णा," बादली धरून बसलेली सून वृषाली म्हणाली. "मग औषध अजून कशाला?"

"तिथंच लोक फसतात. ठिपका गेला म्हणजे जंतू मेला असं नाही. तो अंगावरून गळून वाळूत पडतो, तिथं एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा माशांना धरतात. अजून आठवडाभर तरी औषध द्यायचं. मध्येच थांबलो तर सगळं पहिल्यापासून."

वृषाली बादली खाली ठेवून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात टीबीच्या गोळ्यांची पाकिटं होती. महिनाभराच्या गोळ्या, एकही पाकीट न फोडलेलं.

"तुमचं कपाट आवरताना सापडली," ती हळूच म्हणाली.

अण्णांचा चेहरा उतरला. "खोकला थांबला होता गं. वाटलं, बरा झालो."

बाहेर ओसरीवर दोन वर्षांची नात एकटीच खेळत होती. रोज दुपारी ती त्यांच्याच मांडीवर बसून जेवायची. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातली नळी बाजूला ठेवली.

"आजच दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले. "किती दिवस चुकवल्या ते डॉक्टरांना मीच सांगतो. तू फक्त शेजारी उभी राहा."