लाल रेघा

"वहिनी, एक आधीच सांगून ठेवतो, मागून बोल नको," दुकानदार म्हणाला. "या जाड मशीनमधल्या सिस्टिमला आपली भाषा कळत नाही. अक्षरं उमटतील, पण शब्द ओळखीचा नाही म्हणून खाली लाल रेघ मारील. बरोबर असो की चूक."

सुनेचा हात पर्सवरच थांबला. "प्रत्येक शब्दाखाली?"

"एकूणएक. त्यापेक्षा हा पातळ लॅपटॉप घ्या. याची सिस्टिम वेगळी, आपला शब्दकोश तिच्या पोटातच आहे. चुकलं तरच रेघ. काकांना लिहायलाच हवंय ना?"

लिहायलाच हवं होतं. सासरे चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात जन्म गेला, आता स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहायचं होतं. हात कापायला लागल्यापासून पेन धरवत नव्हतं. कोणतं मशीन घ्यायचं ते नवऱ्याने तिच्यावर सोपवलं होतं.

"आणि ती शहाणी सिस्टिम पुढेमागे कुणी या जाडोबावर चढवली तर?" तिने विचारलं.

"नाही चढत. मशीनला झेपतच नाही."

"मग जाडच द्या."

दुकानदार चक्रावला. "बरं, रेघा बंद करता येतात. करून देऊ?"

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. त्यांना रेघांची सवय आहे."

सवय तिलाही होती. सासरे निवृत्त झाले, पण त्यांची लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावावी, 'दुध तापवून ठेवा', आणि कामावरून येऊन पाहावं तर दूध तसंच, पण 'दु'खाली रेघ. जित्याची खोड, म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं असतं.

पण सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली. आई ज्या शाळेत शिकवायची तिथे शोकसभा होती, आणि तिथे वाचायला तिने सात ओळी लिहिल्या. तेव्हा ती लिहायची. दोन कथा छापूनही आल्या होत्या. सासऱ्यांनी कागद मागितला. तिला वाटलं, आता वाचतील, दोन शब्द बोलतील. त्यांनी पेन्सिल काढली. डोळे पुसता पुसता लिहिलेलं ते. पहिल्याच शब्दात 'ई'च्या डोक्यावरचा आकडा द्यायचा राहिला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "'आई' दीर्घ."

बस्स. आई गेली त्यावर घरातल्या मोठ्या माणसाचं एवढंच बोलणं. तिने कागद चुरगाळून टोपलीत टाकला. सभेत ती नुसतीच उभी राहिली. त्यानंतर तिने कथा लिहिली नाही. सामानाची यादीसुद्धा ती तोंडीच सांगू लागली.

मशीन घरी आलं त्या संध्याकाळीच हाक आली. "सूनबाई, हे सगळं लाल का?"

"मशीन तपासतंय, बाबा."

"अगं, पण 'माझा जन्म' यात चूक काय आहे?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. सुरी इतकी छान कधी चालली नव्हती.

सासरे शब्द पुसत, पुन्हा लिहीत. जाडजूड कोश काढून पडताळून पाहत आणि मशीनशी वाद घालत. रेघ हलत नव्हती. आठवडा झाला तरी पहिलं पान संपेना.

"लिहवत नाही गं," एकदा जेवताना ते म्हणाले. "शब्द सुचायच्या आधी रेघच दिसते."

तिने त्यांना आणखी वाढलं. तिचा जीव अगदी थंड झाला. शेराला सव्वाशेर भेटला होता, आणि तो तिने स्वतः पिशवीत घालून आणला होता.

मग त्यांच्या खोलीतली टकटक बंदच झाली. चार दिवस आवाज नाही. पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा ऐकू आली, एकेक अक्षर शोधत, थांबत थांबत. उरलीसुरली फजिती डोळ्यांनी पाहावी म्हणून ती चहा घेऊन गेली.

सासरे पाठमोरे बसले होते. त्यांच्या खांद्यावरून तिला पडद्यावरचा पहिला शब्द दिसला: 'आइ'.

मशीनला सगळंच चूक वाटत होतं. पण ही चूक खरी होती, आणि साक्षात मुद्रितशोधकाच्या हातची. सहा वर्षं जे मनात घोळवलं ते बोलायची वेळ अशी चालून येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने आवाज अगदी साधा ठेवला.

"बाबा, 'आई' दीर्घ."

ते वळले नाहीत. "माहीत आहे," म्हणाले. "तू लिहिलं होतंस तसंच ठेवलंय."

मशीनशेजारी एक कागद होता, चुरगाळलेला आणि पुन्हा हाताने सपाट केलेला.

"त्या दिवशी तुझ्याशी काय बोलावं ते मला सुचेना. येत होतं तेवढं बोललो. रेघ कशी लागते ते आता कळलं गं, या मशीनपायी. म्हटलं, हा कागद एकदा बिनरेघांचा करून तुला द्यावा. पण हे ऐकतच नाही. बघ ना जरा, जातात का."

तिने चहाचा कप खाली ठेवला. पडद्यावर आईवरच्या सात ओळी होत्या. प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती, आणि या वेळी ती तिने निवडून आणली होती.